कुबाची : काळ न थांबलेले गाव

‘काळ जिथे थांबला आहे असे गाव’ हा शब्दप्रयोग प्रथम ज्याने केला, त्याने जगभरच्या कारागिरांवर मोठा अन्याय करून ठेवला आहे. कॉकेशसच्या पर्वतराजीत दागिस्तान नावाचा प्रांत आहे. त्यातल्या कुबाची या गावाविषयी सध्या ज्या चित्रफिती फिरत आहेत, त्या बहुतेक याच शब्दप्रयोगावर उभ्या आहेत. धुक्यातून वर येणारी दगडी घरे, चांदीच्या तुकड्यावर वाकलेला एक वृद्ध, पाठीमागे बासरी आणि खाली ओळ : हजार वर्षांत तसूभरही न बदललेली कला. या ओळीतला ‘न बदललेली’ हा शब्द खोटा आहे. तो निरुपद्रवी खोटेपणाही नव्हे. कारागिराला इतिहासातून उचलून निसर्गदृश्यात नेऊन बसवण्याचे काम तो करतो. या धाग्याचा वाद त्या एका शब्दाशी आहे.

आधी गावाचे नाव पाहू, कारण त्या नावाचे धागेदोरे मराठीपर्यंत येतात. मध्ययुगीन अरबी-फारसी ग्रंथांत हे गाव ‘झिरिहगरान’ म्हणून येते. ‘झिरिह’ म्हणजे लोखंडी कड्यांचे विणलेले चिलखत. ‘गर’ हा करणाऱ्याचा वाचक प्रत्यय आपण ‘सौदागर’मध्ये रोज वापरतो. ‘आन’ हे फारसी अनेकवचन. झिरिहगरान म्हणजे चिलखते करणारे लोक. आपल्या ‘जिरेटोपा’तले जिरे हे फोडणीतले जिरे नव्हे, ते हेच झिरिह. चित्रांत आपण पाहतो तो जिरेटोप कापडी दिसत असला, तरी नावात लोखंडाची जाळी शिल्लक आहे. पुढे या प्रदेशात तुर्की भाषेचे वजन वाढले आणि गावाच्या नावाचे सरळ भाषांतर झाले. कुबाची हा तुर्की शब्द, अर्थ तोच. शेवटचा ‘ची’ म्हणजे आपल्या ‘तोपची’तला आणि ‘बावर्ची’तला ‘ची’. गावकरी स्वतःच्या बोलीत स्वतःला यांपैकी काहीच म्हणत नाहीत. त्यांचा शब्द ‘उग्बुग’. म्हणजे जगाने या गावाला दोनदा नाव दिले आणि दोन्ही वेळा ते तिथल्या मालावरून दिले. ज्या गावाला गिऱ्हाइकांनी नाव ठेवले ते जगापासून तुटलेले होते, असे म्हणणाऱ्याने निदान हे नाव एकदा उच्चारून पाहावे.

अरबी लेखकांकडे वळू. नवव्या शतकातला इतिहासकार बलाधुरी सांगतो की आठव्या शतकात उमय्या सेनापती मरवान याने हा डोंगराळ मुलूख नमवला, तेव्हा झिरिहगरानवर गुलाम आणि धान्य यांची खंडणी बसली. दहाव्या शतकात मसूदी लिहितो की इथले लोक चिलखते, रिकिबी, लगामांच्या कड्या आणि तलवारी करतात, आणि त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी असे सगळे आहेत. हे वाक्य जरा थांबून वाचण्याजोगे आहे. दहाव्या शतकात तीन धर्मांची माणसे ज्या वस्तीत राहतात, ती दरीत हरवलेली वस्ती कशी असेल?

बाराव्या शतकात अबू हामिद हा आंदालुसी प्रवासी या बाजूला आला. त्याने दिलेले वर्णन मला सर्वांत मोलाचे वाटते. या लोकांना ना शेते, ना बागा. तरी ते संपन्न आहेत, कारण चोहीकडून लोक माल घेऊन त्यांच्याकडे येतात. शस्त्रे आणि चिलखते घडवण्याचे काम पुरुष करतात, तसे त्यांच्या स्त्रिया, मुलेमुली, गुलाम आणि दासीही करतात. त्यांच्या अंत्यविधीचेही वर्णन त्याने केले आहे : हाडे वेगळी करून जपायची आणि मांस पक्ष्यांना घालायचे. आपल्याला पारशांची आठवण व्हावी असा हा विधी आहे, आणि इराणी धर्मविचाराची ही पडछाया असावी असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे.

आता त्या चित्रफितीतल्या एकाकी वृद्धाकडे पुन्हा पाहावे. एकांतात तप करणारा, बापाकडून मुलाकडे गुपित सोपवणारा सिद्धपुरुष ही प्रतिमा आली कुठून? आपल्याजवळचा हा जुना साक्षीदार घरेच्या घरे कामाला जुंपलेली दाखवतो, त्यांत बाया आहेत, पोरे आहेत, विकत घेतलेली माणसे आहेत. कड्यांचे चिलखत हे मुळातच असंख्य हातांचे काम. तार ओढायची, गुंडाळायची, कापायची, प्रत्येक कडीची टोके चपटी करून त्यांना भोक पाडायचे, शेजारच्या चार कड्यांत ती अडकवायची आणि बारीक खिळ्याने बंद करायची. एका अंगरख्याला अशा हजारो कड्या लागतात. यात प्रतिभेपेक्षा चिकाटी जास्त, आणि त्या चिकाटीत गुलामांचा वाटा होता. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांना तो वाटा सोयीस्करपणे आठवत नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूर या डोंगरांत उतरला. शेजारच्या कैतागांची त्याने कत्तल केली. झिरिहगरानचे लोक मात्र चिलखते घेऊन सामोरे गेले आणि वाचले, असे त्याच्या दरबारी इतिहासात नमूद आहे. कुणी याला शरणागती म्हणेल. मला त्यात बाजारपेठेची जाण दिसते. ज्याच्याकडे सर्वांत मोठे सैन्य आहे तो सर्वांत मोठा ग्राहकही असतो, हे ज्या गावाने शतकानुशतके दोन्ही पक्षांना चिलखते विकली त्याला सांगावे लागत नाही.

एका लोकप्रिय कथेचाही समाचार घेतला पाहिजे, कारण दर काही महिन्यांनी ती कुणीतरी मोठ्या आवेशाने नव्याने शोधून काढतो. कुबाचीचे लोक म्हणे मूळचे युरोपीय : कुणी त्यांना जिनोआचे म्हणते, कुणी वाट चुकलेले धर्मयोद्धे. एवढे नाजूक काम डोंगरातल्या लोकांना कसे जमेल, हा या कथेमागचा न बोललेला प्रश्न आहे. अठराव्या शतकापासून युरोपीय प्रवाशांनी ही दंतकथा उचलून धरली. त्यांना ती गोड वाटणे साहजिकच होते. एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या विद्वानांनी तिचा पाठपुरावा केला आणि बर्नहार्ड डॉर्न प्रत्यक्ष गावात जाऊन आला. गावातले कोरीव लेख अरबी निघाले. बोली निघाली दार्गिन कुळातली, म्हणजे भोवतालच्या खोऱ्यांतल्या बोलींची सख्खी बहीण. कुणी तिला दार्गिनची पोटबोली मानते, कुणी स्वतंत्र भाषा. इटालियन कुणीच मानत नाही. तरीही कथा मरत नाही. एक गंमत अशी की ही फिरंगी वंशावळ गावकरी स्वतःही सांगत आले. मालाला परदेशी कूळ चिकटले की भाव चढतो, हे त्यांना उमगले नसेल असे मला तरी वाटत नाही.

फिरंगी शब्द निघालाच आहे, तर ‘फिरंग’ आठवावी. मराठ्यांच्या शस्त्रागारातली ही सरळ, लांब पात्याची तलवार. पाते युरोपातून आलेले, मूठ इथली. कॉकेशसमध्ये हुबेहूब हेच चालत होते. तिथेही युरोपीय पात्यांना मोठा मान होता आणि जॉर्जियन लोक अशा पात्याला ‘फ्रांगुली’ म्हणत. त्या पात्यांवरच्या परदेशी मुद्रा स्थानिक लोहार आपल्या पात्यांवर सर्रास उठवत. चोखंदळ वाचकाला हे नकली वाटेल. पण ज्याला जगातला उत्तम माल कोणता हे माहीत असते आणि त्याच्या तोडीचे पाते आपण घडवू शकतो असा विश्वास असतो, तोच अशी मुद्रा उठवतो. अज्ञात दरीतल्या अजाण कारागिराला नक्कल करायला मुळात नमुनाच मिळाला नसता.

बाहेरच्या जगाशी असलेल्या या देवघेवीचा सर्वांत बोलका पुरावा संग्रहालयांत आहे आणि तिथल्या पाट्यांनी तो उलटासुलटा करून ठेवला आहे. पंधराव्या ते सतराव्या शतकातली काही सुंदर चिनीमातीसदृश भांडी जगभर ‘कुबाची भांडी’ या नावाने प्रदर्शित होतात. काहींवर काळ्या रंगाची नक्षी आणि वर निळसर-हिरवी झिलई, काहींवर रंगीत चेहरे आणि फुले. यांतले एकही भांडे कुबाचीत झालेले नाही. ती इराणमध्ये घडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांना ती कुबाचीच्या घरांत, भिंतींवर ओळीने टांगलेली सापडली. अनेकांच्या बुडाच्या कड्याला टांगण्यासाठी भोक पाडलेले आहे. शस्त्रे विकून आलेल्या संपत्तीतून जमलेला तो घरोघरीचा संग्रह असावा, असा सर्वसाधारण तर्क आहे. व्यापाऱ्यांनी ती भांडी विकत घेतली, युरोप-अमेरिकेला नेली, आणि जिथे माल सापडला त्या जागेचे नाव माल करणाऱ्याचे नाव होऊन बसले. कुबाचीच्या माणसांना तिथे कुंभार म्हणून मान आहे. रसिक संग्राहक म्हणून त्यांची नोंद घ्यायला कुणी तयार नाही. डोंगरातला माणूस वस्तू करतो, वस्तू निवडणे आणि जपणे हे शहरातल्या माणसाचे काम, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की डोळ्यांसमोरच्या भिंतीनेही ती मोडत नाही.

भिंतीच निघाल्या. चौदाव्या शतकाच्या सुमाराचे कोरीव दगड याच गावच्या घरांत पुढच्या पिढ्यांनी चिणलेले होते : घोडेस्वार, शिकारी, मल्ल, एकमेकांवर झेपावणारे सिंह. इस्लाम स्वीकारलेल्या गावात माणसांची आणि पशूंची चित्रे इतक्या मोकळेपणाने कोरलेली पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. आज त्यांतले निवडक नमुने सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताजमध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आणि वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहेत. ‘न बदललेले गाव’ पाहायला जाणाऱ्याने मनाशी ठेवावे की त्या गावाचे सर्वोत्तम दगड गावात नाहीत.

आता त्या चांदीकडे येऊ, जिच्यासाठी आज लोक दर्बंदहून मजालिसमार्गे वळणावळणाचा रस्ता चढून सोळाशे-सतराशे मीटर उंचीवर जातात. बंदुकीने चिलखताचा धंदा बुडवला. गाव बुडाले नाही. चिलखत विणणारे हात तलवारीच्या मुठी, म्याने, पिस्तुलांची सजावट यांकडे वळले. १७३९ साली दिल्ली लुटणारा नादिरशहा दोन-तीन वर्षांतच याच दागिस्तानात अडकून पडला, हे आठवले म्हणजे अठराव्या शतकात इथे शस्त्रांना किती मागणी असेल याची कल्पना येते. १८५९ साली इमाम शमिल गुनिबच्या पठारावर रशियनांना शरण गेला आणि डोंगरातले दीर्घ युद्ध निर्णायकपणे कलले. मग झाले असे की जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांचा पोशाख चढवला. कॉकेशसमधल्या कोसॅक पलटणींच्या गणवेशात खंजीर आणि शश्का आधीपासूनच होते. अधिकाऱ्यांना चांदीने मढवलेले हवे असत. कुबाचीचे कारागीर तिफ्लिस, व्लादिकाव्काझ, बाकू अशा शहरांत जाऊन दुकाने थाटू लागले. ज्याला आपण आज पारंपरिक कुबाची काम म्हणतो, चांदीवर गच्च कोरलेली वेलबुट्टी आणि तिच्यात भरलेला काळा रंग, त्याचा ऐन बहर या साम्राज्यशाही बाजारपेठेतला आहे. बासरीच्या सुरावटीवर हे सांगणे अर्थातच अवघड.

त्या काळ्या रंगाची कृती साधी आहे, हात मात्र बसावा लागतो. चांदी, तांबे, शिसे आणि गंधक एकत्र वितळवून जो काळा ठिसूळ गोळा होतो, तो कुटून त्याची पूड करायची, कोरणीने खोदलेल्या रेषांत ती भरायची, भट्टीत तापवून वितळू द्यायची आणि वरचा थर कानशीने उतरवून चकाकी आणायची. चांदीची चमक वर राहते, नक्षी काळी उठून दिसते. ही रीत जगात अनेक ठिकाणी आहे आणि फार जुनी आहे. कुबाचीचे गुपित म्हणून जे सांगितले जाते त्यात गुपित काही नाही. तिथली खरी श्रीमंती आहे रचनेत. ‘तुत्ता’ म्हणजे फांदी : मधोमध एक देठ आणि दोन्ही अंगांना तोलून काढलेल्या डहाळ्या. ‘मरखराय’ म्हणजे झाडोरा : याला मधला देठ नाही, वर-खाली नाही, वेल जागा मिळेल तिकडे धावते आणि तरीही कुठे गर्दी होत नाही. हे दुसरे काम पाहताना मन हरखते, हे कबूल करण्यात मला संकोच नाही.

तिसऱ्या एका प्रकाराचे नाव मात्र मी मुद्दाम राखून ठेवले होते. तो आहे ‘मोस्कोव-नकीश’. नकीश म्हणजे आपली नक्षीच; दोन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे. मोस्कोव म्हणजे मॉस्को. रशियन दागिन्यांवरची मोठी, सुटी, खऱ्याखुऱ्या फुलांसारखी दिसणारी फुले कुबाचीच्या कारागिरांनी पाहिली, त्यांना आवडली किंवा गिऱ्हाइकाला आवडतात असे दिसले, आणि त्यांनी ती उचलली. उचलल्यावर लपवली नाहीत. नावातच नोंद करून ठेवली की ही नक्षी तिकडची. आपण ज्यांना काळाने विसरलेले लोक म्हणतो, ते आपल्या उसनवारीचा हिशेब नावानिशी ठेवतात.

‘पण मग परंपरा म्हणून काहीच उरत नाही का?’ असा प्रश्न येणार, आणि तो विचारणाऱ्याचा रोष मला समजतो. उरते, भरपूर उरते. लहान वयात हात घडवणे उरते. गावच्या शाळेतही धातुकाम शिकवले जाते. कामाची पारख करणारे शेजारी उरतात. बाप जे विकत होता ते आता खपत नाही, मग आपण काय करावे, हा निर्णय प्रत्येक पिढीने घेतला ही परंपरासुद्धा उरते. माझा आक्षेप आहे तो वस्तूच्या गोठलेल्या रूपाला परंपरा म्हणण्याला. त्या व्याख्येने पाहिले तर कुबाचीची परंपरा चिलखताबरोबर संपली, मग खंजिरांबरोबर पुन्हा संपली. सोव्हिएत काळात शस्त्राला जागा उरली नाही. १९२४ साली कारागिरांची सहकारी संस्था निघाली, तिचे नाव ‘कलावंत’ या अर्थाचे. १९६० साली तिचा कारखाना झाला. खंजिराच्या म्यानावर फिरणारी कोरणी पेले, चमचे, बांगड्या आणि फुलदाण्यांवर फिरू लागली. चांदीवर ८७५ चा सरकारी शिक्का बसला, महिन्याचा कोटा ठरला, पगार सुरू झाला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखान्याचा आधार खचला आणि काम पुन्हा घराघरांत शिरले. यात हानी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. कोट्याच्या दिवसांत पुष्कळ सपक माल निघाला. पण ज्या कारखान्याला आपण परंपरेचा मारेकरी म्हणून मोकळे होतो, त्याच्याच पगारावर गावात हे काम टिकून राहिले, हेही तेवढेच खरे.

चित्रफितीतल्या त्या शब्दाला आपण इतके हसून सोडू नये, कारण त्याची झळ दुकानात बसते. काम काळाबाहेरचे ठरले की त्याला वेळेचा हिशेब लागत नाही. कारागीर जणू श्वास घेतो तसे कोरतो, मग मजुरी कसली? पाहुणा चांदीचे वजन विचारतो, त्या दिवशीचा चांदीचा दर मनात धरतो आणि त्यावर थोडे चढवून घासाघीस करतो. मरखरायचा एक हात पूर्ण करायला लागलेले दिवस त्या हिशेबात कुठेच येत नाहीत. हाच पाहुणा परत येऊन लिहितो की या थोर कलेकडे नवी पिढी पाठ फिरवते आहे, केवढी ही शोकांतिका! नव्या पिढीने वजनाचा भाव ऐकलेला असतो.

आणि जी खरोखर संपली, तिच्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. कुबाचीहून जवळच, एका धारेपलीकडे अमुज्गी नावाचे गाव आहे. कुबाचीचा खंजीर म्हणून जो नावाजला, त्याचे पाते बहुधा अमुज्गीच्या लोहारांनी घडवलेले असे. अमुज्गीने पाती ठोकायची, हरबुकने बंदुका-पिस्तुलांचे लोखंडी काम करायचे, कुबाचीने मूठ, म्यान आणि सजावट करायची, अशी या खोऱ्यांची वाटणी होती. शस्त्राचा बाजार उठला, तेव्हा सजावट करणाऱ्याला बांगडीवर उडी मारता आली. पाते ठोकणाऱ्याला कुठे उडी मारता येणार? अमुज्गी जवळजवळ ओस पडले. ढासळलेल्या भिंती आणि नावापुरती वस्ती एवढेच आता तिथे आहे. संग्रहालयांत त्या खंजिरांखाली ‘कुबाची’ असे लिहिलेले असते, आणि काचेमागे ते म्यानातच ठेवलेले असतात.